यंत्रांच्या जगांत : मोटरीची हरवलेली आठवण

मूल तालुक्यांतील एका वाचकांनीं गेल्या महिन्यांत आम्हांस लिहिलेलें पत्र या वेळच्या लेखाचें निमित्त झालें आहे. त्यांच्या राइस मिलमधील मोटर धड आहे, वायरिंग धड आहे, तीनहि फेज बरोबर येतात. परंतु पावसाळाभर बंद असलेली गिरणी उघडली तेव्हां मोटर "आपली चाल विसरली" असें त्यांस आढळलें. ती फिरते, पण पूर्वीच्या वेगानें फिरत नाहीं, आणि पूर्वीच्या बटणांस जुमानीत नाहीं. यंत्र विसरतें म्हणजे नक्की काय होतें, आणि त्यास पुन्हां आठवण कोणीं व कशी करून द्यावयाची, असें त्यांनीं विचारलें आहे.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ सालापर्यंत एकच होते, आणि या मुलखास आपण अजून जंगलाचा मुलूख म्हणतों. पण त्या जंगलाच्या कडेकडेनें किती मोटरा रात्रंदिवस फिरत असतात याची पुण्यामुंबईकडील वाचकांस सहसा कल्पना नसते. कोळशाच्या खाणींतील पंप, गडचांदुर-आवारपूर भागांतील सिमेंटच्या भट्ट्या, बल्लारपूरची कागदाची गिरणी, आणि मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या बाजूच्या धानाच्या गिरण्या, या सर्व ठिकाणीं आतां मोटरीच्या मागें एक लहानशी पेटी भिंतीवर लावलेली दिसते. तिला सर्वजण ड्राइव्ह म्हणतात. विसरते ती मोटर नव्हे. विसरते ती ही पेटी.

ज्यांच्या शेतावरील विहिरीस मोटर आहे त्यांस जुना स्टार्टर परिचयाचा असेल. त्याचें सारें ज्ञान लोखंडांत आणि पितळेंत सांठविलेलें असे. ओव्हरलोड रिलेचा कांटा कोणीं एकदां १२ अँपिअरवर आणून ठेवला म्हणजे वीज जावो, पूर येवो कीं मालक बदलो, तो वीस वर्षें तेथेंच राही. मात्र अशा स्टार्टरला दोनच विद्या अवगत असत : चालू करणें आणि बंद करणें. वेग बदलावयाचा तर पुली बदलावी लागे.

ड्राइव्हचें तसें नाहीं. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, आणि चार ध्रुवांच्या मोटरींतील चुंबकक्षेत्र त्या हिशेबानें मिनिटास १५०० फेरे घेतें. मोटर पूर्ण भारावर त्याच्या किंचित् मागें राहून १४४० च्या आसपास फिरते. आवर्तनें ४० केलीं तर क्षेत्राचे फेरे १२०० होतात. ड्राइव्ह हेंच करतो. येणाऱ्या एसी विजेची तो प्रथम डीसी करतो आणि त्या डीसीपासून हव्या त्या आवर्तनांची एसी पुन्हां घडवितो. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची जी १५०० मेगॅवॅटची डीसी वाहिनी १९९९ पासून आहे, तिच्या दोन टोकांस डोंगराएवढ्या प्रमाणावर चालतें तें काम, आणि गिरणीच्या भिंतीवरील जाडजूड ग्रंथाएवढ्या पेटींत चालतें तें काम, तत्त्वतः एकच आहे.

परंतु ही पेटी कोणत्या मोटरीस किती आवर्तनें द्यावयाचीं हें आपण तिला सांगावें लागतें. मोटर किती अँपिअरची, तिला किती सेकंदांत वेगास आणावयाचें, किती सेकंदांत थांबवावयाचें, कमाल वेग कोणता, 'चालू कर' हा हुकूम पेटीवरील कळींकडून घ्यावयाचा कीं बाहेरच्या बटणांकडून, अशा प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांच्या रूपानें आंत भरलेलीं असतात. आंकडे शेंदोनशें असले तरी त्यांपैकीं पंचवीस-तीसच खरे महत्त्वाचे. तेवढे गेले कीं पेटी कारखान्यांतून आली त्या दिवसाच्या अवस्थेस जाते.

हे आंकडे राहतात कोठें? जुन्या तऱ्हेच्या ड्राइव्हांत आणि गिरणीचें सर्व तंत्र सांभाळणाऱ्या पीएलसी नांवाच्या यंत्रांत ते अशा स्मृतींत राहात, कीं जी विजेवांचून एक क्षणहि टिकत नाहीं. वीज गेल्यावर तिला जगविण्यासाठीं लिथियमचा एक लहानसा सेल बसविलेला असतो. गिरणी चालू असेपर्यंत त्या सेलवर भार पडत नाहीं. गिरणी चार महिने बंद पडली कीं सगळा भार त्याच्यावर. शिवाय चंद्रपूरचा उन्हाळा! बाहेर पारा ४५ अंशांपलीकडे गेला असतां पत्र्याखालच्या बंद पॅनेलमध्यें काय होत असेल याची कल्पना करावी. सेल मेला तरी गिरणी चालू असतांना कांहींच कळत नाहीं. कळतें तें पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशीं. म्हणून असा सेल बदलावयाचा असेल तेव्हां माहितीपुस्तक पाहून, बहुतेक यंत्रांत वीज चालू ठेवूनच बदलावा लागतो. वीज बंद करून सेल काढला तर जें वांचवावयाचें तेंच हातानें पुसलें जातें. हें काम अर्थात् जाणत्या माणसाचें.

नव्या ड्राइव्हांत सेल नसतो. त्यांत ईईप्रॉम नांवाची स्मृति असते. ती विजेवांचून वर्षानुवर्षें टिकते, पण तिच्यावर पुन्हां पुन्हां लिहिण्यास मर्यादा आहे. साधारणतः एक लाख वेळां लिहिलें कीं तिचा भरंवसा संपतो. एक लाख हा आंकडा मोठा वाटतो, पण एखाद्या हौशी कारागिरानें वेगाचा आंकडा दर सेकंदास या कायमच्या स्मृतींत लिहिला जाईल अशी जोडणी केली तर? दिवसाचे सेकंद ८६,४००. दुसऱ्या दिवशीं दुपारपूर्वींच लाख भरतो! वेग वरचेवर बदलावयाचा असेल तर तो तात्पुरत्या स्मृतींत लिहावा अशी सूचना माहितीपुस्तकांत असते. ती वाचतो कोण, हा प्रश्न निराळा.

आपले आंकडे बिघडले आहेत हें ड्राइव्हास कळतें तरी कसें, असा प्रश्न चाणाक्ष वाचकांच्या मनांत येईल. आपल्या वैदिकांनीं संहितेच्या जोडीला पद, क्रम, जटा, घन असे पाठ ठेवले. एकच मंत्र निरनिराळ्या रीतींनीं म्हटला म्हणजे एका पाठांतील चूक दुसऱ्यांत उघडी पडते. ड्राइव्हाची युक्ति याहून फार साधी आहे, पण कुळी तीच. तो आपल्या सर्व आंकड्यांची एक बेरीज करून ती त्यांच्याजवळच लिहून ठेवतो आणि दर वेळीं सुरू होतांना पुन्हां बेरीज करून ताडून पाहतो. जुळली नाहीं तर पडद्यावर स्मृतिदोषाचा संकेत दाखवून तो चालण्यास नकार देतो. असा नकार मिळाला तर मालकानें देवाचे आभार मानावे. खरा धोका निराळाच आहे. आंकडे मुळांतच कारखान्याचे असतील तर बेरीज बिनचूक जुळते, आणि यंत्र कोणतीहि तक्रार न करितां चुकीचें चालूं लागतें.

याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे. सिंदेवाहीच्या बाजूस आमच्या स्नेह्यांची गिरणी आहे; तीन भावांचें एकत्र कुटुंब, आणि वडील अद्याप रोज गिरणींत येऊन बसतात. एका पावसाळ्यांत वीज पडून धान-तांदूळ वेगळे करणाऱ्या सेपरेटरचा ड्राइव्ह जळला. दुरुस्तीच्या मंडळींनीं आंतील कार्ड बदलून दिलें, मोटर फिरवून दाखविली आणि पैसे घेऊन गेले. जुने आंकडे जुन्या कार्डाबरोबर गेले होते हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं.

हंगाम सुरू झाला आणि तांदळांत धान येऊं लागलें. या मुलखांत एचएमटी जातीचा बारीक तांदूळ फार. नागभीड तालुक्यांतील नांदेड या गांवचे दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानें तो निवडून निवडून सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्यास हें नांव पडलें, आणि आज तो महाराष्ट्राबाहेरहि पिकतो. एवढा नाजूक दाणा, पुन्हां पुन्हां यंत्रांतून फिरला कीं कणी वाढते आणि भाव उतरतो. त्या घरांत दोन दिवस सर्वांनीं सर्व गोष्टींस दोष दिला : धान ओलें आहे, जाळी झिजली आहे, बेअरिंग गेलें आहे. भिंतीवरच्या पेटीकडे कोणीं पाहिलें नाहीं, कारण ती तर नुकतीच दुरुस्त होऊन आली होती. नव्या वस्तूवर आपण सहसा संशय घेत नाहीं, आणि बिघाड शोधतांना हाच आपला मोठा शत्रु असतो असें आम्हांस वाटतें.

तिसऱ्या दिवशीं जें घडलें तें कणीपेक्षां फार गंभीर होतें. सेपरेटरजवळ सफाई करणाऱ्या बाईचा पदर पट्ट्याकडे ओढला जात आहे असें धाकट्या सूनबाईंनीं पाहिलें आणि त्यांनीं धांवत जाऊन थांबविण्याचें लाल बटण दाबलें. यंत्र थांबलें नाहीं.

"मामंजी, बटण दाबलें तरी हें थांबत नाहीं!"

"मेन ओढ, सूनबाई, आधीं मेन ओढ!"

मेन स्विच ओढला गेला आणि त्या बाईचा पदर फाटण्यावर निभावलें. बटणांत किंवा तारेंत कांहीं बिघाड नव्हता. नव्या कार्डांतील कारखान्याच्या आंकड्यांप्रमाणें ड्राइव्ह फक्त स्वतःवरील कळींचे हुकूम ऐकत होता. बाहेरचें बटण त्याच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नव्हतें. मूलच्या वाचकांनीं "बटणांस जुमानीत नाहीं" म्हणून जें लिहिलें आहे तें वाचतांच आम्हांस हा प्रसंग आठवला. त्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं हा अंक हातीं पडेल तेव्हां मोटर चालू असेल तर ती प्रथम बंद करावी आणि मग पुढें वाचावें. तसेंच, संकटकाळीं थांबविण्याचें बटण ड्राइव्हाच्या मर्जीवर ठेवूं नये. त्यानें कॉन्टॅक्टर पाडून पुरवठाच तोडावा, किंवा ड्राइव्हांत त्यासाठीं मुद्दाम दिलेल्या सुरक्षा-टर्मिनलवर तें जोडावें. आंकडे पुसले गेले तरी तें काम केलेंच पाहिजे.

त्या घरीं पुढें शोध लागला तो असा. सूनबाई विज्ञानाच्या पदवीधर. त्यांनीं पडद्यावर ५०.०० हा आंकडा पाहून सासऱ्यांस विचारलें कीं पूर्वीं येथें काय दिसे. त्यांस आंकडा आठवेना, पण आपण एकदां तो रोजमेळाच्या शेवटच्या पानावर टिपला होता हें आठवलें. तीन वर्षांपूर्वींच्या वहींत, उधारीच्या यादीखालीं, "सेपरेटर ४१.५" एवढीच ओळ सांपडली. बाकीचे आंकडे मात्र नेमप्लेट आणि माहितीपुस्तक समोर ठेवून नव्यानें बसवावे लागले.

आतां ते कसे बसवावे हें थोडक्यांत सांगतों. तीस-चाळीस वर्षांच्या सवयीनें हात आधीं स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो, म्हणून क्रमच महत्त्वाचा. ड्राइव्ह उघडावयाचा असेल तर वीज बंद करूनहि लगेच उघडूं नये. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आंतील डीसी सुमारें ५८७ व्होल्ट होते आणि ती कपॅसिटरांत कांहीं मिनिटें तशीच राहते. झांकणावर जेवढीं मिनिटें थांबण्यास लिहिलें असेल तेवढीं थांबावें आणि मीटरनें खात्री करावी. उघडण्याची गरज बहुधा नसतेच. पडद्यावर आज जे आंकडे दिसतात ते, चुकीचे असले तरी, प्रथम सर्वच्या सर्व उतरून घ्यावे. ते जसेच्या तसे कारखान्याचे निघाले तर यंत्राची आठवण पुसली गेली, आणि त्यांतील कांहींच वेडेवांकडे निघाले तर कोणाची तरी बोटें फिरलीं, असा निर्णय त्यावरून करतां येतो. दोन्ही रोगांचे उपाय निराळे आहेत.

मग मोटरीवरील नेमप्लेट पुसून वाचावी : व्होल्ट, अँपिअर, आवर्तनें, फेरे, पॉवर फॅक्टर. यांत अँपिअरचा आंकडा सर्वांत मोलाचा, कारण मोटर तापूं लागली असतां ड्राइव्ह तिला वांचवितो तो याच आंकड्याच्या आधारें. ड्राइव्ह मोठा आणि मोटर लहान असेल, आणि आंकडा कारखान्याचाच राहिला, तर मोटर जळेपर्यंत ड्राइव्ह स्वस्थ बसतो.

आवर्तनांविषयीं विशेष सावध असावें. अमेरिकेंत वीज ६० आवर्तनांची आहे, आणि कांहीं ड्राइव्ह पुसले गेले कीं ४६० व्होल्ट व ६० आवर्तनें या समजुतीवर येतात. याचे दोन परिणाम होतात. ५० आवर्तनांवर मोटरीस ४१५ ऐवजीं सुमारें ३८३ व्होल्टच मिळतात आणि तिचा कमाल जोर पंधरा टक्क्यांनीं घटतो; भरलेलें एलिव्हेटर उचलतांना ती धापा टाकते. उलट वेगाचा कान पूर्ण पिळला तर ती ६० आवर्तनांपर्यंत धांवते. पंख्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग १.२ पट झाला तर शक्ति १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे जवळजवळ १.७३ पट! उकड्या तांदळाच्या गिरणींत बॉयलरचा धूर ओढणारा पंखा असाच ट्रिप होतो आणि सर्वजण तुसाला दोष देत बसतात.

यानंतर हुकूम कोणाचा ऐकावयाचा हें ठरवावें, बाहेरून वेगाचा संकेत येत असेल तर तो शून्य ते दहा व्होल्टचा कीं चार ते वीस मिलिअँपिअरचा हें पाहावें, आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. जंगलपट्टींत वादळवाऱ्यानें वीज दिवसांतून चार वेळां जाते. परत येतांच यंत्र स्वतःहून फिरूं लागणें म्हणजे काय, हें सेपरेटरच्या त्या प्रसंगावरून ध्यानीं यावें. पहिली चांचणी पट्टा काढून, अगदीं कमी वेगावर घ्यावी आणि फिरण्याची दिशा पाहावी. सर्व जुळलें म्हणजे आंकड्यांची नक्कल काढून ठेवावी. पुष्कळ ड्राइव्हांची कळींची पाटी सुटी निघते आणि तिच्यांत सर्व आंकडे उतरवून घेतां येतात. शिवाय कागदावर एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आंतील बाजूस आणि एक घरीं. वडसा हें झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचें माहेरघर. तेथील रात्ररात्र चालणाऱ्या प्रयोगांत पडद्याआडून संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचें मोल कोणास सांगावयास नको. ती घरची प्रत म्हणजे तोच.

मोठ्या कारखान्यांत अशा प्रती संगणकांत असतात, म्हणून तेथें हा प्रकार क्वचित् घडतो. घडला तर मात्र हिशेब निराळा होतो. बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स या नांवानें १९४५ सालीं जी कंपनी निघाली, तिच्या कारखान्यानें आसपासच्या जंगलांतील बांबूचा कागद कित्येक दशकें केला. कागदाच्या यंत्रांत ओला लगदा जाळीवरून दाबरुळांवर, तेथून सुकविण्याच्या तापलेल्या रुळांवर आणि शेवटीं गुंडाळीवर जातो. पूर्वीं एकच लांब दांडा सर्व भाग फिरवी. आधुनिक यंत्रांत दर भागाला स्वतंत्र मोटर असते, आणि पुढच्या भागाचा वेग मागच्यापेक्षां किंचित् अधिक ठेवावा लागतो, म्हणजे कागद ताणलेला राहतो. हा अधिकपणा फार थोडा. एखाद्या टक्क्याची चूकहि ओला कागद फाडण्यास पुरे होते. तेथें एका ड्राइव्हानें आपला आंकडा विसरणें म्हणजे सर्व पंक्तीनें थांबणें. सिमेंटच्या भट्टीची गोष्ट आणखी कठीण. ती तापलेली असतां स्थिर राहिली तर स्वतःच्या वजनानें वांकते, म्हणून मुख्य मोटर बंद पडली तरी तिला हळूहळू फिरवीत ठेवणारी दुसरी लहान मोटर ठेवलेली असते.

पुराचा धोकाहि या मुलखास आहे. जुलै २०२२ मध्यें गोदावरीच्या पुरांत सिरोंचा तालुक्यासमोरील तेलंगणाच्या तीरावर कालेश्वरम् प्रकल्पाचें कन्नेपल्ली येथील पंपगृह पाण्याखालीं गेलें; तेथील एकेक मोटर ४० मेगॅवॅटची. पाण्यांत बुडालेल्या पॅनेलचे आंकडे शाबूत आहेत कीं नाहींत हा विचार पुष्कळ नंतरचा. ओला ड्राइव्ह सुरू करून पाहण्याचा मोह मात्र गिरणीवाल्यांनीं कटाक्षानें टाळावा. नदीचा गाळ वाळल्यावरहि कार्डावर वीज वाहून नेतो.

मूलच्या वाचकांचा आणखी एक प्रश्न राहिला. वाण्याकडे जास्तीचें मीठ आणून ठेवावें तसा एक ड्राइव्ह आणून कपाटांत ठेवूं काय, असें ते विचारतात. ठेवावा, हंगामांत नागपुराहून तो येईपर्यंत दोन दिवस जातात. पण वर्षभराहून अधिक काळ विजेवांचून पडलेल्या ड्राइव्हांतील कपॅसिटर आंतून क्षीण होतात, आणि त्यांस एकदम पूर्ण व्होल्ट दिले तर ते फुटण्याचा संभव असतो. माहितीपुस्तकांत सांगितल्याप्रमाणें त्यांस कमी व्होल्टपासून हळूहळू चढवीत न्यावें लागतें. त्यापेक्षां सोपें म्हणजे वर्षांतून एकदां त्यास कांहीं तास पुरवठा द्यावा. आपल्याकडे खंडेनवमीस यंत्रांची पूजा होतेच, आणि धानाचा हंगामहि त्याच सुमारास तोंडावर येतो. त्या दिवशीं कपाटांतला ड्राइव्ह काढून वायरमनकडून जोडवून घ्यावा, पीएलसीचा सेल कोणत्या सालचा आहे तें पाहावें, आणि मग हळदकुंकू वाहावें.